नेसलरची बाटली आणि गावची विहीर

२०१९ चा उन्हाळा बीड जिल्ह्यातील शिक्षक सहजासहजी विसरणार नाहीत. आधीच्या वर्षी पावसाने दगा दिलेला, तलाव कोरडे, गावोगावी टँकर आणि जिल्हाभर शेकडो चारा छावण्या. एकेका छावणीत शेकडो जनावरे महिनोन्‌महिने दावणीला होती. मग त्याच वर्षी परतीचा पाऊस भरपूर झाला, विहिरींना पाणी आले आणि हिवाळ्यात नेहमीप्रमाणे तालुक्यातालुक्यांतून विज्ञान प्रदर्शने भरली. अशा एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हाला आला. तेथे पाहिलेल्या एका प्रयोगाविषयी, आणि त्या निमित्ताने आपल्या शाळांतून अमोनियाच्या म्हणून ज्या रंगपरीक्षा शिकवल्या जातात त्यांच्याविषयी, लिहावे असे तेव्हापासून मनात होते. शाळेचे नाव देत नाही. चूक त्या एका शाळेची नव्हतीच.

प्रयोगाचे नाव होते ‘आमच्या गावचे पाणी’. चार परीक्षानळ्या ओळीने मांडलेल्या. एकीत छावणीच्या जागेशेजारील विहिरीचे पाणी, दुसरीत शाळेच्या बोअरचे, तिसरीत टँकरचे, चौथीत नळाचे. प्रत्येकीत नेसलरच्या द्रावणाचे पाच थेंब. मागच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत नियम लिहिलेला: ‘पिवळा रंग आला तर अमोनिया आहे, पाणी दूषित. रंग आला नाही तर पाणी शुद्ध.’ बोअरच्या नळीत पिवळट गढूळपणा येऊन तळाशी साका बसला होता. विहिरीची नळी स्वच्छ होती. निष्कर्ष असा, की बोअरचे पाणी पिण्यास अयोग्य आणि विहिरीचे शुद्ध.

मुलांनी माहिती धडाधड सांगितली. आम्ही दोनच प्रश्न विचारले. ऊर्ध्वपातित पाण्याची नळी कोठे आहे? ती नव्हती. आणि बोअरच्या पाण्यात नेसलरऐवजी नुसते कॉस्टिक सोड्याचे द्रावण टाकले तर काय होते? ते कोणी करून पाहिले नव्हते. गटातील एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, “सर, पण विहिरीचं पाणी चांगलं आहे ना? आमच्या वसतिगृहात तेच येतं.” तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते आणि ती गावातल्या हंगामी वसतिगृहात राहत होती. प्रदर्शनातल्या प्रयोगावर कोणाचे काही अवलंबून नसते असे आपण धरून चालतो. येथे अवलंबून होते.

आता त्या बाटलीतील द्रावणाकडे वळू. युलियस नेसलर हा जर्मनीतील बाडेन प्रांताचा कृषिरसायनशास्त्रज्ञ. त्याने १८५६ साली हे द्रावण सुचवले. मर्क्युरिक आयोडाइड हे पाण्यात न विरघळणारे लाल संयुग पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात विरघळते, आणि त्यात भरपूर कॉस्टिक पोटॅश किंवा कॉस्टिक सोडा मिसळला की नेसलरचे द्रावण तयार होते. अमोनिया थोडा असेल तर पिवळा रंग येतो, जास्त असेल तर तपकिरी अवक्षेप बसतो. लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहून कमी अमोनिया असला तरी काळजीपूर्वक काम करणाऱ्याला तो दिसतो. एकोणिसाव्या शतकात लंडनसारख्या शहरांत पाण्यात सांडपाणी मिसळते आहे काय, याचा वाद पेटला होता, तेव्हा वँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८६७ मध्ये याच द्रावणावर आपली पाणी तपासण्याची पद्धत उभारली. थोडक्यात, परीक्षा नामांकित आहे. आमची तक्रार तिच्या संवेदनक्षमतेविषयी नाही.

तक्रार अशी, की वँकलिनच्या पद्धतीत पाणी आधी ऊर्ध्वपातित केले जाई. अमोनिया वाफेबरोबर निघून येई, बाकीचे क्षार मागे राहत आणि त्या निवळ पाण्यावर नेसलरचा प्रयोग होई. आपल्या प्रात्यक्षिकाच्या वह्यांत मात्र हा अर्धा भाग गळून गेला आहे. उरले आहे ते ‘नमुना घ्या, थेंब टाका, रंग पाहा’ एवढेच.

बीडसारख्या जिल्ह्यात हे गळणे विशेष महागात पडते. जिल्ह्याचा जवळजवळ सगळा भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. या खडकांतून मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही आणि भांड्यांच्या तळाला पांढरे पापुद्रे धरतात, हे घरोघरी ठाऊक आहे. अशा जड पाण्यात नेसलरचे द्रावण टाकले की त्यातील सोडाच आधी काम करतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम कार्बोनेट यांचा पांढरा साका पडतो. नेसलरचे द्रावण मुळातच फिकट पिवळे असते. पांढरा गढूळपणा आणि फिकट पिवळेपणा एकत्र आले की पाहणाऱ्याला ‘पिवळा अवक्षेप’ दिसतो. म्हणून आम्ही सोड्याचा प्रश्न विचारला होता. नुसत्या सोड्यानेही नळी गढूळ झाली, तर तो गढूळपणा अमोनियाचा नव्हे. विहीर पावसाने नुकतीच भरलेली होती, पाणी त्या मानाने मऊ होते, म्हणून ती नळी स्वच्छ राहिली. मुलांनी कष्टाने मोजला तो पाण्याचा जडपणा, आणि त्याला नाव दिले अमोनियाचे.

यावर उपाय जुनाच आहे. नमुन्यात आधी रोशेल लवणाच्या द्रावणाचे एकदोन थेंब टाकावेत, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधले जाऊन साका पडत नाही. रोशेल लवण म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट. शर्करेच्या परीक्षेसाठी फेहलिंगचे जे दुसरे द्रावण करतात त्यात तेच असते, त्यामुळे बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांच्या कपाटात ते सापडेल. आणि शेजारी ऊर्ध्वपातित पाण्याची एक नळी हवीच. बॅटरीच्या दुकानातले पाणीही चालेल. या नळीचा आणखी एक उपयोग आहे. त्याच टेबलावर कोणी लिकर अमोनियाची बाटली उघडी ठेवली असेल, किंवा प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर मुतारी असेल (आणि आपल्याकडे ती बहुधा तेथेच असते), तर ऊर्ध्वपातित पाणीसुद्धा पिवळे होऊन आपल्याला सावध करते.

ही झाली बोअरवर अन्याय करणारी चूक. विहिरीच्या बाबतीतली चूक अधिक गंभीर होती. जनावरांच्या मुतात युरिया असतो. जमिनीतील जिवाणूंजवळ युरियेज नावाचे विकर असते, ते युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते. छावणीत शिरताच डोळे झोंबत ते याच वायूने. पण अमोनिया तेथे थांबत नाही. काही हवेत उडून जातो. काही अमोनियम आयनाच्या रूपाने काळ्या मातीच्या कणांना चिकटून बसतो, कारण या मातीचे चिकण कण धनभारित आयन धरून ठेवतात. मग हवा मिळाली की दुसरे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. नायट्रेट ऋणभारित असल्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाऊस पडला की ते झिरपत थेट विहिरीत उतरते. शेतकऱ्यांना ही साखळी दुसऱ्या वाटेने माहीत आहे. २०१५ पासून देशात युरियाच्या खताला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले, त्यामागे अमोनियाचे नायट्रेट होणे लांबवण्याचाच हेतू आहे.

तेव्हा छावणी उठून सहासात महिने झालेले, मध्ये चांगला पाऊस पडून गेलेला, अशा वेळी शेजारच्या विहिरीत अमोनिया न सापडणे स्वाभाविक आहे. तो न सापडण्याने एवढेच कळते, की आज या पाण्यात फारसा अमोनिया नाही. पुठ्ठ्यावरचा ‘शुद्ध’ हा शब्द कोठून आला? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अमोनियासाठी लिटरला ०.५ मिलिग्रॅम (नायट्रोजनच्या हिशेबात) ही मर्यादा आहे, नायट्रेटसाठी ४५ मिलिग्रॅम. ४५ च्या पुढच्या नायट्रेटमुळे तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. अमोनियाच्या रंगपरीक्षेला यातले काहीही दिसत नाही, आणि जंतू तर मुळीच दिसत नाहीत.

पाण्यातला अमोनिया आणखी एका ठिकाणी गावकऱ्यांना फसवतो. विहिरीत टीसीएल पावडर टाकली की तिच्यातील क्लोरीन प्रथम अमोनियाशी संयोग पावतो व क्लोरामाइने तयार होतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पुरता संपवायला साडेसात मिलिग्रॅमहून अधिक क्लोरीन खर्च होतो, त्यानंतरच मोकळा क्लोरीन शिल्लक राहू लागतो. जलसुरक्षक ओटी टेस्ट घेतो, पिवळा रंग येतो, सगळे निश्चिंत होतात. पण मोकळ्या क्लोरीनने हा रंग तत्काळ येतो, क्लोरामाइनांनी सावकाश येतो. नळी दोन-तीन मिनिटे हातात धरून मग रंग पाहिला तर दोन्ही सारखेच दिसतात. जंतू मारण्याची शक्ती मात्र दोघांची सारखी नाही, क्लोरामाइने फार मंद. रंग थेंब पडताच पाहावा, एवढी साधी गोष्ट विज्ञान शिक्षकाने गावात जाऊन सांगितली तरी पुष्कळ आहे.

आता पाऱ्याविषयी. हा भाग आम्हाला सर्वात जास्त खटकला, कारण प्रदर्शन संपल्यावर त्या चारही नळ्या मुलांनी मैदानाच्या कडेला ओतून धुऊन टाकल्या. नेसलरच्या द्रावणाच्या एका प्रचलित कृतीत १०० मिलिलिटरला १० ग्रॅम मर्क्युरिक आयोडाइड असते, त्यात सुमारे ४.४ ग्रॅम पारा येतो. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४४ मिलिग्रॅम. पाच थेंब म्हणजे साधारण पाव मिलिलिटर, त्यात ११ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यातील पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. गणित वर्गात करून घ्यावे असे आहे. एका नळीतले पाच थेंब ११ हजार लिटर पाण्याला मर्यादेवर नेऊन ठेवतात. दहा हजार लिटरचा एक टँकर भरून वर हजार लिटर. गावचे पाणी शुद्ध आहे का हे पाहण्यासाठी मुलांनी चार टँकरांना पुरेल एवढा पारा गावच्या जमिनीत सोडला.

अमेरिकेतील ज्या संदर्भग्रंथाच्या पद्धती पाणी तपासण्यासाठी जगभर वापरल्या जातात, त्याने १९९० च्या दशकात नेसलरची पद्धत वगळली, ती याच कारणाने. परीक्षा खोटी ठरली म्हणून नव्हे, तर उरलेल्या पाऱ्याचे काय करायचे याचे उत्तर नव्हते म्हणून. आता त्या जागी बहुधा बर्थेलोच्या पद्धतीचे प्रकार वापरतात. १८५९ साली या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते, की अमोनिया, फिनॉल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की गर्द निळा रंग येतो. रक्तातील युरिया मोजण्यासाठीही ही अभिक्रिया वापरली जाते. शाळेत फिनॉल नको, ते कातडी जाळते. फिनॉलऐवजी सॅलिसिलेट वापरलेले छोटे संच मात्र शोभेचे मासे विकणाऱ्यांकडे मिळतात. त्यांत पिवळ्यावरून हिरव्याकडे जाणारा रंग छापील पट्टीशी ताडून पाहायचा असतो. बर्थेलोच्या पद्धतीत पारा नसतो हे खरे. पण या संचांनाही तुलनेची नळी लागतेच, आणि ‘शुद्ध’ म्हणण्याचा अधिकार त्यांनाही नाही.

मग शाळेत अमोनिया ओळखायचा कसा? आमचे मत असे, की सगळ्यात गरीब परीक्षाच सगळ्यात चांगली आहे, फक्त ती नीट सांगितली पाहिजे. ‘अमोनियामुळे तांबडा लिटमस निळा होतो’ हे वाक्य अर्धवट आहे. चुन्यानेही होतो, साबणाने, राखेच्या पाण्याने, धुण्याच्या सोड्यानेही होतो. लिटमस द्रावणात बुडवला तर एवढेच कळते, की काहीतरी आम्लारीधर्मी आहे. पण ओला कागद द्रावणाला किंवा काचेला न टेकवता नळीच्या तोंडाशी धरला, तर प्रश्नच बदलतो. आता जे उडून वर येते तेच कागदापर्यंत पोहोचते, आणि शाळेत भेटणाऱ्या वायूंत आम्लारीधर्मी असा अमोनिया एकटाच. नवसागर आणि चुना एकत्र करून तापवताना फसफसून उडालेला शिंतोडा कागदावर पडणार नाही, एवढी काळजी घ्यायची.

हळदीचा कागद याहून बोलका. हळदीच्या पाण्यात गाळणकागद बुडवून वाळवावा. अमोनियाने तो ओला असताना तांबूस होतो आणि उघड्यावर ठेवला की थोड्या वेळाने पुन्हा पिवळा पडतो, कारण अमोनिया उडून जातो. चुन्याने किंवा साबणाने आलेला तांबडेपणा असा उडून जात नाही. जुने रसायनशास्त्रज्ञ अमोनियाला उडणारा अल्क म्हणत, ते हेच पाहून. रंग येणे आणि रंग जाणे या दोन्ही गोष्टी मिळून ही परीक्षा पुरी होते, आणि आपल्या पुस्तकांत दुसरी गोष्ट क्वचितच सांगितलेली असते.

मोरचूदही कृषी सेवा केंद्रात मिळते. त्याच्या द्रावणात अमोनिया थेंबाथेंबाने टाकला की आधी फिकट निळा साका पडतो, मग तो विरघळून जांभळट निळे द्रावण होते. दिसायला देखणी अभिक्रिया, पण तिला अमोनिया भरपूर लागतो. मर्क्युरस नायट्रेटच्या कागदाविषयी न लिहिलेलेच बरे. त्यातही पारा.

वर्गात करण्यासारखा आमच्या आवडीचा प्रयोग असा. चमचाभर युरिया पाण्यात विरघळवून दोन बाटल्यांत घालावा. एकीत कच्च्या सोयाबीनचे पीठ टाकावे, दुसरीत चांगले उकळून थंड केलेले. दोन्हींच्या तोंडावर ओला हळदीचा कागद ठेवावा. काही वेळाने पहिला तांबूस होतो, दुसरा होत नाही. उकळण्याने युरियेज निकामी झालेले असते. तुरीच्या पिठानेही हे जमते. छावणीतल्या वासाचे कारण टेबलावर येते, आणि दुसरी बाटली का ठेवली हे मुलांना आपोआप समजते.

दुधातील युरियाची भेसळ ओळखण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुचवलेली घरगुती परीक्षा याच तत्त्वावर आहे. दुधात सोयाबीनचे किंवा तुरीचे पीठ मिसळायचे, पाच मिनिटांनी तांबडा लिटमस बुडवायचा. ती वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. निर्भेळ दुधातही थोडा युरिया असतो, म्हणून तर १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमपर्यंत त्याला मुभा आहे. आणि दुधात सोडा घातलेला असेल तर पिठाशिवायही लिटमस निळा होऊ शकतो. तेव्हा पीठ न घातलेल्या त्याच दुधाची नळी आणि खात्रीच्या, समोर काढलेल्या दुधाची नळी शेजारी हवी. नाहीतर एखाद्या प्रामाणिक दूधवाल्याचे नाव शाळेने खराब केले असे व्हायचे.

असो. त्या प्रदर्शनात या प्रयोगाला दुसरा क्रमांक मिळाला. आम्ही विरोध केला नाही. चार ठिकाणचे पाणी मुलांनी स्वतः आणले होते, आणि बाकीच्या टेबलांवर ज्वालामुखी व पवनचक्क्यांचीच गर्दी होती. मात्र त्यांच्या शिक्षकांशी बराच वेळ बोललो. त्यांनी ते मनावर घेतले. पंधरा दिवसांनी रोशेल लवण घेऊन आम्ही त्या शाळेत गेलो. शेवटचे म्हणून नेसलरचे काही थेंब वापरले आणि ते पाणी बाटलीत जपून ठेवले. बोअरची नळी या वेळी स्वच्छ राहिली, तिच्यात आणि ऊर्ध्वपातित पाण्यात डोळ्यांना फरक दिसेना. विहिरीचा नमुना शिक्षकांनी सरकारी प्रयोगशाळेत पाठवला. नायट्रेटचा आकडा ४५ च्या पुढे आला. वसतिगृहाच्या पिण्याच्या पाण्याची सोय ग्रामपंचायतीने नळावरून केली. विहिरीचे पाणी धुण्याभांड्यांना राहिले.

राहिली नेसलरची बाटली. ती मोरीत ओतायची नाही, पुरायची नाही, जाळायची तर मुळीच नाही. घातक रासायनिक कचऱ्यासाठी अधिकृत केंद्रे आहेत, पण अर्ध्या बाटलीसाठी तेथपर्यंत एकेका शाळेला जाणे शक्य नाही. तालुक्यातील शाळांनी अशा बाटल्यांची यादी करून शिक्षण विभागाकडे एकत्र द्यावी, असे आम्ही सुचवले आहे. तोवर ती कपाटाच्या खालच्या खणात, वापरलेल्या पाण्याच्या बाटलीशेजारी, वाळू भरलेल्या डब्यात उभी आहे. झाकण मेणाने बंद केले आहे. वरची चिठ्ठी त्याच मुलीच्या अक्षरातली आहे: ‘आत पारा आहे. उघडू नये.’